सेवेला निघालात? आधी दोन्ही हात पुढे करा!

जानेवारी २०१५. ब्रिटनच्या वाहतूक खात्याच्या राज्यमंत्री सुझन क्रेमर तैवानला गेल्या आणि तैपेईचे महापौर को वेन-जे यांना त्यांनी खिशात ठेवायचं एक देखणं घड्याळ भेट दिलं. हेतू स्वच्छ होता, वस्तूही भारी. पण चिनी समाजात घड्याळ भेट देणं म्हणजे समोरच्याची घटका भरत आल्याची आठवण करून देणं! महापौरांनी पत्रकारांपुढे सांगून टाकलं, मला याचा उपयोग नाही, भंगारवाल्याला विकून चार पैसे करीन. बातमी जगभर झाली आणि बाईंना माफी मागावी लागली.

मंत्र्यांच्या मागे सल्लागारांचा ताफा असतो, तरी ही गत. मग एक पिशवी खांद्याला अडकवून चीनच्या कान्सू प्रांतातल्या खेड्यात इंग्रजी शिकवायला निघालेल्या पोरीचं काय? क्वेचोच्या डोंगरात शस्त्रक्रिया शिबिराला जाणाऱ्या डॉक्टरचं? किंवा पेनांगच्या, टोरांटोच्या चिनी वृद्धाश्रमात दर शनिवारी वाचून दाखवायला जाणाऱ्या विद्यार्थ्याचं? त्यांच्यासाठी, आणि ज्यांना नुसतंच कुतूहल आहे त्यांच्यासाठीही, हा चिनी रीतभातीचा खजिना. मला स्वतःला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की इथे स्वयंसेवकाला द्यायच्या आधी घ्यायला यावं लागतं. मान घ्यायला, चहा घ्यायला, आग्रह घ्यायला. जो नुसताच देत सुटतो, तो यजमानाला याचक करून ठेवतो, आणि ते कुणालाच आवडत नाही.

देणं-घेणं दोन हातांनी

व्हिजिटिंग कार्ड, भेटवस्तू, चहाचा पेला, तपासलेली वही, औषधाची पुडी, काहीही द्यायचं-घ्यायचं असेल तर दोन्ही हात पुढे. मिळालेलं कार्ड न बघता खिशात कोंबायचं नाही. दोन क्षण वाचायचं, मग जपून ठेवायचं.

भेट दिली की समोरचा नको म्हणणार. पुन्हा दिली की पुन्हा नको. तिसऱ्यांदा घेणार. पहिल्याच नकाराला "बरं, राहिलं" म्हणून पिशवीत परत टाकलीत तर दोघांचीही पंचाईत. हेच उलट्या बाजूनंही लागू. तुम्हाला काही देऊ केलं तर लगेच झडप घालायची नाही, थोडे आढेवेढे घ्यायचे. आणि घेतलेली भेट देणाऱ्यासमोर फोडायची नाही. ती न उघडता बाजूला ठेवली तर परदेशी पाहुण्याला वाटतं, यांना आवडली नाही. तसं काही नसतं. सगळ्यांदेखत उघडून किंमत जोखण्याचा प्रसंग टाळलेला असतो, इतकंच.

काय द्यायचं नाही? घड्याळ नाही, छत्री नाही, हिरवी टोपी तर मुळीच नाही, कारण तिचा अर्थ बायकोनं नवऱ्याला फसवलं असा होतो. तिथे जवळची माणसं पेअरचं फळ कापून वाटून खात नाहीत, ताटातूट होते म्हणतात. चार नगांचा संच नको, चार हा आकडा मृत्यूशी जोडलेला. अनेक इमारतींच्या लिफ्टमध्ये चौथ्या मजल्याचं बटणच नसतं! पांढऱ्या कागदात गुंडाळू नका, लाल किंवा सोनेरी घ्या. संत्री मात्र शुभ, नववर्षाला घरोघर मांडलेली दिसतात. तेव्हा एखादा नागपूरकर स्वयंसेवक संत्राबर्फीचा डबा घेऊन गेला तर त्यानं बरोबर नेम साधला असं समजा.

आता आपल्या लोकांनी खास सांभाळायची एक गोष्ट. आपल्याकडे आहेराच्या पाकिटावर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं. शंभर नाही, एकशे एक. पाचशे नाही, पाचशे एक. हाँगकाँगमध्ये एकवर संपणारी रक्कम देतात ती मयताच्या घरी. लग्नाच्या लाल पाकिटात सम आकडा लागतो, आठ असेल तर दुधात साखर. तेव्हा चिनी सहकाऱ्याच्या लग्नाला मोठ्या प्रेमानं एकशे एक घालणाऱ्या मराठी माणसानं तेवढा वरचा एक काढून ठेवावा.

आडनाव आधी, लाल शाई कधीच नाही

बास्केटबॉलपटू याओ मिंग यांचं आडनाव याओ. चिनी नावात घराणं पुढे, व्यक्ती मागे. हाक मारताना आडनावाला हुद्दा जोडायचा. वांग आडनावाच्या शिक्षिका म्हणजे 'वांग लाओशी', ली आडनावाचे डॉक्टर म्हणजे 'ली ताइफू'. आपण कुलकर्णी सर, देशपांडे बाई म्हणतो, त्यामुळे मराठी माणसाला हे जड जात नाही. पहिल्याच दिवशी नावानं हाक मारायची सवय असलेल्या अमेरिकनाला मात्र जातं. बरोबरीच्यात वडीलधाऱ्याच्या आडनावाआधी 'लाओ', धाकट्याच्या आधी 'शाओ'. लहान मुलं अनोळखी बाईलाही मावशी म्हणतात, म्हाताऱ्याला आजोबा. वृद्धाश्रमातल्या आजींना 'नायनाय' म्हणून हाक मारा, पुढचं काम सोपं होतं.

शिकवायला जाणाऱ्यांसाठी: उत्तरं लाल शाईनं तपासा, पण मुलाचं नाव लाल शाईनं लिहू नका. जुन्या समजुतीप्रमाणे ते अभद्र. नावं घालायला निळं पेन वेगळं ठेवा.

मेजवानी, म्हणजे परीक्षा

शाळेत, दवाखान्यात, कुठेही पोचलात की पहिल्या एक-दोन दिवसांत जेवण असतं. गोल टेबल, मधोमध फिरती काच. समोर दिसेल त्या खुर्चीत बसायचं नाही. दाराकडे तोंड असलेली जागा मानाची. ती कुणाची हे यजमान ठरवणार, आणि बहुधा त्यावरूनही दोन मिनिटं प्रेमाची ओढाताण होणार. अख्खा मासा आला की त्याचं डोकं मानाच्या पाहुण्याकडे वळवतात. तो पहिला घास घेईपर्यंत बाकीचे थांबतात. डोकं तुमच्याकडे असेल तर संकोच करत बसू नका, सगळे उपाशी आहेत! कोळ्यांच्या आणि नावाड्यांच्या गावात वरची बाजू खाऊन झाल्यावर मासा उलटत नाहीत. मासा उलटला की होडी उलटते म्हणतात. तिथे मधला काटा अलगद उचलून खालचं मांस काढायचं.

चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचायच्या नाहीत. मृतासमोर भाताच्या वाटीत उदबत्त्या तशाच लावतात. त्यांनी वाटीवर टकटक करायचं नाही, ती भिकाऱ्याची खूण. त्या रोखून कुणाकडे बोट दाखवल्यासारखं करायचं नाही. आणि ताटली पार पुसून लख्ख करू नका. थोडं उरलं की यजमानाला कळतं, पाहुण्याचं पोट भरलं. रिकामं दिसलं की अजून वाढणार.

मग येते पायच्यो. ज्वारी आणि इतर धान्यांची ही दारू बऱ्याचदा पन्नास टक्क्यांच्या वरची असते. चषक भिडवताना एक बारीक गोष्ट बघण्यासारखी. तुमच्या चषकाची कड समोरच्या ज्येष्ठाच्या कडेपेक्षा खाली हवी. तुम्ही खाली नेता, तो तुम्हाला मान द्यायला आणखी खाली नेतो, तुम्ही आणखी. कधीकधी दोघांचे चषक टेबलाला टेकतात आणि सगळं टेबल हसतं. पिणारे नसाल तर पहिल्याच चषकाला सांगा, प्रकृतीचं कारण द्या आणि चहानं चषक भिडवा. ते चालतं. दोन घेऊन तिसऱ्याला नको म्हटलं की गडबड, कारण मग प्रश्न उरतो, आमच्याच चषकाला नकार का? पीटर हेसलर १९९६ ते १९९८ या काळात अमेरिकेच्या पीस कोअरतर्फे यांगत्सीकाठच्या फुलिंग गावी शिकवायला होता. त्याच्या 'रिव्हर टाउन' या पुस्तकात शिक्षकांच्या मेजवान्यांमधल्या या आग्रहाची चांगली पानं आहेत. जाता जाता सांगायचं म्हणजे, चीनमध्ये १९९३ ते २०२० अशी सत्तावीस वर्षं काम करणाऱ्या या संस्थेनं तिथे आपलं मूळ नाव वापरलंच नाही. तिचे लोक तिथे 'अमेरिका-चीन मैत्री स्वयंसेवक' होते.

शाकाहारी मंडळींनो, "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. मांस म्हणजे मुख्यतः डुकराचं असं समजतात, आणि पालेभाजीतही खिमा, चरबी किंवा कालवांचं सॉस निघू शकतं. "बौद्ध मठातलं जेवतो तसं" असं सांगा. चिनी बौद्ध भिक्षू मांस-मासळीच काय, कांदा-लसूणही खात नाहीत. आपल्या चातुर्मासाच्या स्वयंपाकाला इतका जवळचा स्वयंपाक हिमालयापलीकडे सापडतो, याचा मला फार आनंद वाटतो. मात्र हे यजमानाला आदल्या दिवशी कळवा. ताटावर बसून सांगितलंत तर त्याला वाटतं, पाहुणचारात आपण कमी पडलो.

बिल? ते देण्यावरून होणारी झटापट खरीखुरी असते. दोन-तीनदा जोर करा, मग हरा. पुढच्या वेळी हात धुवायला जायच्या निमित्तानं उठून आधीच पैसे भरून या.

दोन बोटांचा नमस्कार

दक्षिणेकडे, म्हणजे क्वांगतुंग आणि हाँगकाँगकडे, कुणी पेल्यात चहा ओतला की टेबलावर दोन बोटं हलकेच आपटतात. आभार पोचले, बोलणंही तुटलं नाही. दंतकथा अशी, की अठराव्या शतकातला सम्राट छ्येनलुंग वेष पालटून फिरत असताना त्यानं एका चाकराच्या पेल्यात स्वतः चहा ओतला. चाकराला दंडवत घालता येईना, गुपित फुटलं असतं. म्हणून त्यानं बोटं वाकवून टेबलावरच दंडवत घातला. किटलीतलं पाणी संपलं तर वेटरला हाका मारू नका, झाकण अर्धवट सरकवून ठेवा, तो येतो. किटलीची चोच कुणाकडे रोखलेली नको. आणि याच भागात बसल्या बसल्या पेले-वाट्या पहिल्या चहानं विसळून घ्यायची पद्धत आहे, तेव्हा मोठ्या वाडग्यातला तो चहा पिऊ नका!

मास्क नको म्हणणारे डॉक्टर

मेजवानीच्या टेबलावरची ती फिरती काच मात्र नुसती सोय नाही. तिच्यामागे एक डॉक्टर आहेत, आणि त्यांची गोष्ट प्रत्येक स्वयंसेवकानं ऐकावी अशी आहे.

वू ल्येन-ते यांचा जन्म १८७९ चा, पेनांगचा. शिक्षण केंब्रिजला. १९१० च्या डिसेंबरात मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग भडकला तेव्हा चीन सरकारनं त्यांना हार्बिनला धाडलं. वय एकतीस. त्यांनी एक शवविच्छेदन केलं आणि निष्कर्ष काढला, की हा प्लेग उंदीर-पिसवांवर अडून बसलेला नाही, माणसाच्या श्वासातून माणसाला होतोय. उपाय साधा होता, जाळीदार कापड आणि कापूस यांचा घट्ट बांधायचा मास्क. तेवढ्यात त्येनचिनहून जेराल्ड मेनी नावाचे ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टर मदतीला आले. प्लेगचा त्यांना आधीचा अनुभव होता. पोरसवदा चिनी डॉक्टरनं आपल्याला शिकवावं हे त्यांना सहन होईना. त्यांनी वूंचा अपमान केला आणि मास्क न बांधता रुग्णालयात जाऊन रोगी तपासले. थोड्याच दिवसांत, जानेवारी १९११ मध्ये, ते प्लेगनं गेले. त्यानंतर हार्बिनमध्ये मास्कला कुणी नको म्हटलं नाही. साथीनं सुमारे साठ हजार माणसं नेली, आणि वसंत येता येता ती आटोक्यात आली.

मेनी मनानं वाईट नव्हते. जिवावर उदार होऊनच तर आले होते. पण समोरच्या माणसाचं आपल्यापेक्षा बरोबर असू शकतं, एवढी एक गोष्ट त्यांनी धरली नाही. तिथल्या शिष्टाचारात नम्रतेला इतकं महत्त्व का, असं कुणी विचारलं तर मी हीच गोष्ट सांगेन.

एकाच ताटातून सगळ्यांनी खायच्या पद्धतीची वूंना धास्ती होती. म्हणून त्यांनी टेबलावर फिरतं तबक ठेवायची आणि प्रत्येक पदार्थाला वाढायचा वेगळा चमचा ठेवायची सूचना केली. आज वाढायच्या वेगळ्या चॉपस्टिक्स बऱ्याच टेबलांवर दिसतात. दिसल्या तर त्याच वापरा. पण एखाद्या आजीनं स्वतःच्याच चॉपस्टिक्सनं माशाचा गालाचा तुकडा उचलून तुमच्या वाटीत ठेवला, तर तो तिच्या मायेचा कळस आहे.

चारचौघांत नाही

चिनी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. "विचार करू", "अभ्यास करून बघू", "जरा अडचणीचं आहे" ही सगळी नाहीची रूपं. आपण पत्रिका जुळत नाही म्हणतो, त्याच घराण्यातली. तेव्हा खोदून विचारू नका. कुणाची चूक दिसली तर एकट्यात, कडेनं सांगा. वर्गात मुलांसमोर तिथल्या इंग्रजी शिक्षकाचा उच्चार सुधारलात, तर मुलांना एक शब्द नीट येईल आणि शिक्षकाचा आब कायमचा जाईल. कौतुक मात्र खुशाल चारचौघांत करा. ते तो झटकून टाकेल, "छे छे, कसलं काय" म्हणेल. तरी करा.

उलट तुम्हाला काय काय विचारतील त्याची तयारी ठेवा. वय किती, पगार किती, लग्न का नाही, मूल का नाही? सोलापूर-सांगलीकडच्या एसटीत शेजारी बसलेल्या मावशींची सवय असेल तर हे आपुलकीचंच बोलणं आहे हे तुम्हाला सांगायला नको.

खाटेपाशी

वैद्यकीय स्वयंसेवकांसाठी हा भाग मला सगळ्यात कळीचा वाटतो.

चिनी रुग्णाच्या खाटेभोवती घर उभं असतं. कर्करोगाचं निदान बऱ्याचदा आधी मुलाला किंवा सुनेला सांगतात, रुग्णाला नंतर, कधी कधी सांगतही नाहीत. २०२१ पासून लागू झालेल्या चीनच्या नागरी संहितेतही तशी तरतूद आहे. रुग्णाला सांगणं योग्य नसेल तर जवळच्या नातेवाइकाला सांगावं. पाश्चात्त्य शिस्तीत वाढलेल्या डॉक्टरला हे पटत नाही, आणि त्यावर वाद घालायला जागा आहे. पण दुभाष्याच्या तोंडून, भर वॉर्डात, पहिल्याच भेटीत रोगाचं नाव घेऊन टाकायचा हक्क पाहुण्याला नाही. आधी तिथल्या डॉक्टरला विचारा, या घरात कुणाशी बोलायचं?

बाळंतिणीला गार पाणी देऊ नका. बाळंतपणानंतर महिनाभर ती घरात, उबेत, गरम सूपावर असते. वारा नको, गार नको. मराठी माणसाला बाळंतिणीची खोली, शेक-शेगडी आणि डिंकाचे लाडू ठाऊक असतात, त्यामुळे त्याला यात काही विचित्र वाटायचं कारण नाही. तसं तर चीनमध्ये सहसा कुणालाच गार पाणी देत नाहीत. आगगाडीच्या डब्यात, शाळेच्या जिन्याखाली, दवाखान्याच्या ओसरीवर उकळत्या पाण्याचा नळ असतो. एक झाकणाचा थर्मास जवळ ठेवला की तुम्ही निम्मे तिथले झालात.

लाल पाकीट इथे सपशेल नाकारायचं. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरच्या खिशात पैशाचं पाकीट सरकवायची जुनी खोड आहे. २०१३ मध्ये सरकारनं आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी नऊ मनाई जाहीर केल्या, त्यात हीही आली. घाबरलेल्या नातेवाइकाला चारचौघांत झिडकारू नका. पाकीट दोन्ही हातांनी परत करा आणि शस्त्रक्रिया मन लावून करीन म्हणून सांगा. अंडी किंवा घरच्या शेंगदाण्यांची पिशवी असेल तर घ्या आणि सगळ्या वॉर्डात वाटा.

चीन एक नाही

सगळ्यांना एकच नियम लावू नका. कान्सू, निंगश्यामध्ये हुई मुसलमानांची वस्ती मोठी आहे. 'छिंगचन' अशी पाटी असलेल्या खाणावळीत बाहेरचं खाणं-पिणं नेऊ नका. तिबेटी घरात गळ्यात हादा, म्हणजे पांढरं रेशमी वस्त्र, घालतात. मान झुकवून घ्यायचं, लगेच काढून ठेवायचं नाही. पांढरा रंग इथे मंगल! क्वेचोच्या म्याव जमातीच्या गावांच्या वेशीवर बायका रेड्याच्या शिंगातून तांदळाची दारू पाजतात. शिंगाला हात लावलात की सगळं संपवावं लागतं. हात पाठीमागे घ्या, ओठ टेकवा, सुटका होते. आणि चिनी समाज चीनबाहेरही आहे. कोलकात्याच्या टांग्रा भागातले हाक्का लोक पूर्वी कातडी कमावायच्या धंद्यात होते. मुंबईत माझगावला सी यप कून हे चिनी देऊळ आहे. देवळात शिरताना उंबरठा ओलांडायचा, त्यावर पाय द्यायचा नाही. हे आपल्याला आजीनंच शिकवलेलं आहे.

कागदपत्रं आधी

सरकारी नियम पाळणं हाही शिष्टाचारच, कारण तुम्ही ते मोडलेत तर जाब तुमच्या यजमानाला विचारतात. चीनमध्ये हॉटेलात उतरलात तर नोंद हॉटेलवाला करतो. कुणाच्या घरी उतरलात तर चोवीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात करावी लागते. १ जानेवारी २०१७ पासून परदेशी संस्थांसाठी वेगळा कायदा आहे आणि त्यांची नोंदणी पोलीस खात्याकडे होते. तेव्हा संस्थेचे कागद आहेत का, हे निघायच्या आधी विचारा. धर्मप्रचार करायचा नाही. आणि गरीब घरातल्या पोरांचे फोटो काढून लगेच जगाला दाखवायचे नाहीत. घरच्यांना विचारलंत का? मास्तरांना? ही एक गोष्ट तर कायद्यात नसती तरी मी हट्टानं सांगितली असती.

सुईदोऱ्याची शिस्त

आता अशा माणसांकडे वळू ज्यांनी हे सगळं जगून दाखवलं.

१९२८ च्या सुमारास माओंच्या लाल सैन्याचे शिपाई खेड्यात मुक्कामाला थांबले की घरांच्या दाराच्या फळ्या काढून त्यांच्यावर पेंढा पसरून झोपायचे. म्हणून शिस्तीचे नियम झाले, त्यात निघताना फळ्या परत बसवा आणि पेंढा बांधून ठेवा, हे होतं. लोकांच्या सुईदोऱ्यालाही हात लावायचा नाही, उसनं घेतलेलं परत करायचं, मोडलं त्याची भरपाई, नीट बोलायचं. काही परदेशी स्वयंसेवक पुढे याच मंडळींत राहिले.

कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून १९३८ मध्ये माओंच्या तळावर, येनानला पोचले. त्यांना महिना शंभर युआन भत्ता देऊ केला तेव्हा त्यांनी तो नाकारला आणि त्यातून जखमी शिपायांना तंबाखू घ्यायला सुचवलं. त्यांचा रक्तगट ओ. शस्त्रक्रियेच्या टेबलाशेजारी आडवं होऊन ते स्वतःचं रक्त द्यायचे. इंग्रज तरुण जॉर्ज हॉग यांची तऱ्हा वेगळी. श्वांगशिपूच्या ज्या शाळेत आधीचे मुख्याध्यापक टिकत नव्हते, तिथे हे पोरांबरोबर जेवले, पोहले, गायले, चिनी बोलले आणि टिकले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धापासून वाचवायला त्यांनी साठेक मुलांना डोंगरवाटांनी शेकडो मैल दूर शानतानला नेलं. त्यानंतरच्याच उन्हाळ्यात बास्केटबॉल खेळताना पायाच्या बोटाला झालेली जखम धनुर्वाताला कारण झाली आणि ते गेले.

आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून चीनच्या मदतीला निघालेल्या पाच डॉक्टरांपैकी दोघे आजच्या महाराष्ट्रातले, सोलापूरचे कोटणीस आणि नागपूरचे चोळकर. चीनमध्ये पाचही जणांना चिनी नावं मिळाली, प्रत्येकाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के दिहुआ'. त्यांनी भाषा मनापासून धरली, चिनीतून शिकवलं, विद्यार्थ्यांसाठी शल्यक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं. १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, तिथल्या परिचारिका-शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं, मुलाचं नाव ठेवलं इनहुआ, भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यानं बत्तिसाव्या वर्षी ते गेले.

उपकार फेडण्याच्या बाबतीत चिनी माणूस किती पक्का, हे त्यानंतर दिसलं. शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. एप्रिलमधल्या छिंगमिंगला, म्हणजे त्यांच्या पितरांच्या दिवशी, तिथे फुलं वाहतात. २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष हू चिंताओ मुंबईत आले तेव्हा कोटणीसांच्या घरच्यांना भेटले. २०१३ मध्ये पंतप्रधान ली खछ्यांग आले, तेही नव्वदी ओलांडलेल्या त्यांच्या बहिणीला भेटले. सत्तर वर्षांनंतरही!

परतल्यावर

म्हणून काम संपवून घरी आलात की संबंध संपला असं धरू नका. तिकडे तुम्ही आता कुणाचे तरी लाओशी आहात, कुणाचे ताइफू. पहिल्या चिनी नववर्षाला फोन करा. तारीख दरवर्षी हलते, २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या मध्ये कुठेतरी, तेव्हा कॅलेंडर बघून ठेवा. त्या वेळी तिकडेच असाल तर घराची झाडलोट आधीच उरका. कँटनी लोकांत त्यासाठी सरत्या वर्षाच्या शेवटच्या महिन्याचा अठ्ठाविसावा दिवस ठरलेला आहे, आणि हाँगकाँगमध्ये कितीतरी स्वयंसेवक या सुमाराला एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची घरं साफ करून देतात. नववर्षाच्या पहिल्या दिवशी मात्र मदत म्हणूनही केरसुणी उचलू नका, लक्ष्मी केरात जाते. आजीनं लाल पाकीट पुढे केलं आणि तुमचं लग्न झालेलं नसेल, तर हे पाकीट मात्र घ्यायचं. आधी दोनदा नको म्हणायचं, मग दोन्ही हातांनी.